गोमा निजलाय

मर्जानचाचांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी त्यांची आठवण काढली की टांग्याच्या घोड्यांची एखादी गंमत सांगायची, माणसं हसली की चहा मागवायचा आणि विषय बदलायचा. त्या गमती खऱ्याच आहेत, इथंही सांगणार आहे. पण त्यांच्या आड मी एक गोष्ट दडवून ठेवली होती. आता ऐंशी ओलांडल्यावर ती दडवून कुणाचं भलं होणार आहे?

तर, मर्जानचाचा रोज दुपारी ढोल झोपवायचे.

बेगमपुऱ्यात, पाणचक्कीच्या अलीकडच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायला गेलो तेव्हा आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात माझी बायको सुमन त्यांच्याकडं शिडी मागायला गेली आणि तिनं दारातून मोठ्यानं हाक मारली. आतून एक उंचच उंच, काळाभोर, पांढऱ्या कुरळ्या केसांचा माणूस बाहेर आला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल बेटी. गोमा निजलाय."

सुमन चवड्यांवर परत आली. शेजारी गोमा नावाचं कुणीतरी आजारी आहे, असं तिनं मला सांगितलं. पुढं काही दिवस आम्ही दुपारी कुजबुजत बोलत होतो. हातातून सांडशी पडली तरी दचकायचो. शेवटी तिनं मऊ खिचडी केली, वर तूप घातलं आणि गोमासाठी पाठवून दिली. संध्याकाळी चाचा वाटी घासूनपुसून घेऊन आले.

"गोमा खात नाय बेटी. मीच खाल्ली. पण त्याला सांगितलं, तो लई खूश झाला."

तेव्हा मी चौकशीला गेलो. खोलीत एकच पलंग होता, चांगला, नवारीचा. त्यावर गोधडी पांघरून गोमा झोपला होता. चाचांचं स्वतःचं अंथरूण खाली फरशीवर. त्यांनी गोधडीचं टोक हळूच उचलून दाखवलं, बाळंतिणीच्या खोलीत मूल दाखवतात तसं.

तो ढोल आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. कंबरेएवढा उंच, एकाच खोडातून कोरून काढलेला, खाली जाडजूड पाय. अंगभर नागमोडी रेघा. तोंडावर बकऱ्याचं कातडं, आणि ते ताणायला ना दोरी ना खिळा. सभोवार लाकडी खुंट्या ठोकलेल्या. असं वाद्य मी ना जत्रेत पाहिलं होतं ना उरुसात. हात लागून लागून लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावर तळवा ठेवला तर ते गरम लागेल असं वाटावं. चाचांच्या आजोबांनी तो हैदराबादेत घडवला होता, आपल्या मुलखातल्या ढोलाच्या आठवणीवर. मुलूख कुठला विचारलं की चाचा पश्चिमेच्या भिंतीकडं हात करायचे. "तिकडं. दर्याच्या पार."

चाचा हबशी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आपल्या दख्खनमध्ये शेकडो वर्षं माणसं येत राहिली. काही विकून आणलेली, काही नोकरीला आलेली. निजामाच्या पदरी हबशांचा घोडदळाचा रिसाला होता. चाचांचे आजोबा त्यात, वडील त्यात, आणि चाचाही. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रिसाला मोडला. शिपायांना घरी जायला सांगितलं. "घरी जा म्हणजे कुठं, ते कुणी बोललं नाय," चाचा म्हणायचे. त्यांच्याजवळ अंगावरचा खाकी कोट होता, नाल ठोकायची अवजारं होती आणि गोमा होता. एवढं घेऊन ते औरंगाबादला आले. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं सुमननं एकदा विचारलं, तर म्हणाले, "घोडी जळली असती."

औरंगाबादच का? तर हे साहेबांचं गाव.

साहेब म्हणजे ज्यांनी हे शहर वसवलं ते. त्यांचं नाव इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. थोरल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून चाचांनी ते कधी उच्चारलं नाही. मीही इथं लिहीत नाही. हबशी मुलखात जन्मलेलं एक पोर बाजारात विकलं गेलं, या मालकाकडून त्या मालकाकडं जात दख्खनला पोचलं आणि पुढं निजामशाहीचा वजीर झालं. त्यानं दिल्लीच्या बादशहाच्या फौजा वर्षानुवर्षं झुंजवल्या. खडकी नावाच्या खेड्याचं शहर केलं, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं घरोघर आणलं. हे सगळं मी वर्गात शिकवायचो. चाचा त्यात राहायचे.

भडकल दरवाजा साहेबांनी बांधलेला. त्याखालून जाताना चाचा सायकलवरून उतरायचे, कमानीला सलाम करायचे आणि पलीकडं गेल्यावर परत चढायचे. कुणी भिंतीवर पान थुंकलं, कुणी नळ उघडा टाकला, की त्यांचं वाक्य ठरलेलं: "साहेबांच्या गावात असं चालत नाय." नगरपालिकेच्या माणसालाही तेच. एकदा भर रस्त्यात शिंगाला शिंग लावून उभ्या असलेल्या दोन बैलांना त्यांनी हे ऐकवलं. बैल बाजूला झाले. का झाले ते मला माहीत नाही.

दर महिन्याला एका शुक्रवारी ते खुलताबादला जायचे. तिथं साहेबांची कबर आहे. एकदा मला सोबत नेलं. बसनं पडेगाव मागं टाकलं तशी त्यांनी टोपी सरळ केली आणि कोटाची पितळी बटणं बाहीनं पुसायला घेतली. मकबऱ्यात शिरले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात रपट दिली.

"साहेब, बेगमपुऱ्यात पाणी एक दिवसाआड येतंय. नहरीत कुणीतरी कचरा टाकला व्हता, काढला. शहागंजातलं घड्याळ बंद पडलंय, मी बोललो, कुणी ऐकत नाय. दरवाज्यावर पिंपळ उगवला व्हता, उपटला, परत उगवंल. एक घोडी मेली, म्हातारी व्हती. हे आमचे मास्टरसाब. इतिहास शिकवत्यात. माणूस चांगला हाय."

मग जरा थांबून, "बाकी सगळं ठीक हाय, साहेब." एक पाऊल मागं आणि सलाम.

मी हसायच्या तयारीनं गेलो होतो. हसू आलं नाही. बाहेर डोंगरावर वारा सुटला होता, घुमटात पारवे घुमत होते, आणि हा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या माणसाला गावची खबर देत होता. माझ्या अंगावर काटा आला. परत येताना बसमध्ये मी त्यांच्याशी नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होतो.

पोटासाठी ते शहागंजच्या टांगा स्टँडवर नालबंदी करायचे. टांग्याच्या त्या मरतुकड्या घोड्यांना त्यांनी रिसाल्यात भरती करून टाकलं होतं. "पाय?" असं अदबीनं विचारल्याशिवाय खुराला हात लावायचे नाहीत, आणि घोडाही विचारल्यावर पाय द्यायचा. नाल ठोकून झाले की कवायत. त्यामुळं चाचांच्या हाताखालून गेलेला घोडा कुणी "हॉल्ट" म्हटलं की जिथं असेल तिथं थांबायचा. गुलमंडीत एका वरातीत बँडमास्तर आपल्या माणसांवर तसं काहीतरी ओरडला आणि नवरदेवाचा घोडा खांबासारखा उभा राहिला. चुचकारून झालं, हरभरे दाखवून झाले, सासऱ्याचे हात जोडून झाले. शेवटी चाचांना घरून आणलं. त्यांनी घोड्याच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, वरात हलली. नवरदेवाला मात्र म्हणाले, "नीट बसा. पाठ सरळ. साहेबांच्या गावात लगन लागतंय तुमचं."

हीच ती गंमत. ही सांगून मी चहा मागवायचो.

आता गाणं.

संध्याकाळी काम उरकून आले की चाचा गोमाला उठवायचे. शेगडीपाशी धरून त्याचं कातडं शेकायचे, लोबान फिरवायचे, मग गुडघ्यांत धरून हलक्या हातानं वाजवायचे आणि म्हणायचे:

"लाला, माना, लाला... मामा केंदा किसिमानी... अतारुडी, अतारुडी..."

ही कुठली भाषा ते त्यांना ठाऊक नव्हतं. अर्थही माहीत नव्हता. पण एका अक्षराचा फरक ते करत नसत. खोकल्यानं मधला शब्द राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा आवाज जाडा आणि थोडा फाटका होता. भिंतीतून ऐकू यायचा तेव्हा मात्र तो कुठून तरी फार लांबून, पाण्यावरून येतोय असं वाटायचं. मी हातातल्या वह्या तपासायच्या ठेवून ऐकत बसायचो. समुद्रापलीकडची बोली, जिचा अर्थ जगात कुणाला ठाऊक आहे की नाही कळत नाही, ती बेगमपुऱ्यात एका नालबंदाच्या गळ्यात जिवंत आहे, याचं मला अतोनात नवल वाटायचं.

"कुणी शिकवलं?" मी विचारायचो.

"घरातलं हाय. आजोबाचं," असं म्हणून चाचा खिळे शोधायला लागायचे.

आजोबांचं म्हणजे रिसाल्याचं. रिसाल्याचं म्हणजे लढाईचं. माझा हिशेब झटक्यात जुळला. आम्हा इतिहासवाल्यांना ढोल दिसला की फौज दिसते. त्या संथ ठेक्यात मला घोड्याच्या टापा ऐकू यायला लागल्या. मी एक लांबलचक निबंध लिहिला, ‘हबशी रिसाल्याचं रणगीत’. ‘हे गीत ऐकताच धमन्यांतून रक्त सळसळू लागतं’ असं त्यात लिहिलं. मी हे लिहीत असताना आमची सहा महिन्यांची मुलगी त्याच गाण्यानं शेजारच्या खोलीत झोपी जात होती. दुसऱ्या कशानं ती झोपायची नाही. पाळण्याला हात लावायची गरज नसे. भिंतीपलीकडं गाणं सुरू झालं की मूठ सैल, डोळे बंद. रोज. आणि मला शंका आली नाही.

सुमनला आली होती. एकदा दुपारी ती पुन्हा मागून आणलेली शिडी परत करायला गेली तेव्हा चाचा गोमाला झोपवत होते. येऊन म्हणाली, "अहो, त्यांचा हात बघितलात का तुम्ही? गोधडीवर ठेवतात तो? बाळाला थोपटतात तसा पडतो. गाण्यातही तसाच पडतो."

"तू आता इतिहासात लक्ष घालू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठं घालतेय? मी मुलगी झोपवतेय," ती म्हणाली.

चाचांनी आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, "मास्टरसाब, तुमी लिखेपढे. माझं एक काम करा. हे गाणं काय बोलतंय, तेवढं मरायच्या आधी कुणाकडून तरी काढून द्या."

"अर्थ कळून काय करणार?"

"कायबी नाय. ऐकणार."

त्या काळात विद्यापीठात शिकायला आफ्रिकेतून मुलं यायला लागली होती. एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या घरी मला जुमा भेटला. टांझानियाच्या किनाऱ्यावरचा, शांत, फार नम्र. त्याला इंग्रजी येत होतं, मराठी-हिंदी चार शब्दांपुरती. चाचांना कवायतीतल्या इंग्रजीपलीकडं काही येत नव्हतं. मधे दुभाषा मीच. निबंध वाचायचा कार्यक्रम तेव्हा आठवड्यावर आला होता. हॉल ठरला होता, निमंत्रणं वाटून झाली होती, अध्यक्ष म्हणून बाहेरगावचे मोठे विद्वान येणार होते. चाचा आणि गोमा मंचावर असणार होते. जुमाच्या तोंडून एकदा ‘हो, रणगीतच’ असं आलं की माझ्या निबंधावर शिक्का बसणार होता.

आम्ही दुपारी गेलो. चाचांनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. गोमा निजलाय."

जुमा उंबऱ्यातच थांबला. "काय म्हणाले हे? गोमा?"

मी पलंगाकडं बोट दाखवलं. त्यानं गोधडीखालचा ढोल पाहिला, खुंट्या पाहिल्या, आणि चप्पल काढून आत आला. त्याच्या भाषेत ढोलाला ‘न्गोमा’ म्हणतात, असं तो मला सांगू लागला. नाचालाही न्गोमा, आणि ढोलाभोवती जमलेल्या माणसांच्या मेळ्यालाही न्गोमा. वाजवणारा, नाचणारा, ऐकणारा असे वेगळे शब्द करायची त्यांना गरजच पडली नाही. त्याच्या गावात असाच पायांचा ढोल होता, म्हाताऱ्या माणसासारखा सांभाळलेला, अंगाला तेल लावून. चाचांच्या आजोबांनी समुद्र ओलांडताना सगळं हरवलं होतं, पण हा एक शब्द आणि हा आकार आणला होता, आणि तो शब्द ओळखणारा माणूस आज दारात उभा होता. मी हे चाचांना सांगितलं. हे खरं सांगितलं. चाचांनी टोपी काढून हातात घेतली.

मग ते म्हणायला बसले.

पहिल्या ओळीला जुमाचा चेहरा बदलला. दुसऱ्या ओळीला तो पुटपुटत साथ देऊ लागला. चाचांचा झिजलेला शब्द आणि त्याचा कोरा शब्द शेजारी शेजारी चालले. त्याचा हात नकळत स्वतःच्या मांडीवर पडायला लागला. हळू, थांबून, पुन्हा हळू. मी तो हात बघत होतो. ती घोड्याची टाप नव्हती.

गाणं संपल्यावर तो इंग्रजीत माझ्याशी बोलला. डोळे पुसत बोलला. हे अंगाईगीत आहे. निज बाळा निज. आई विहिरीवर गेली आहे. परत येईल, परत येईल. ठेका थोपटण्याचा आहे. आणि त्याची आजी सांगायची, की पूर्वी पाण्याला गेलेल्या बाया कधी कधी परत यायच्या नाहीत. वाटेवरून पकडून नेत, जहाजात घालत. म्हणून ‘परत येईल’ दोनदा म्हणायचं.

"काय बोलला?" चाचांनी विचारलं.

टोपी त्यांच्या दोन्ही हातांत होती. माझ्या डोळ्यांसमोर हॉल होता, अध्यक्ष होते, निबंधाचं पहिलं पान होतं. मी स्वतःची समजूतही घालून टाकली, की हबशांच्या एवढ्या मोठ्या इतिहासाचं मी शेवटी अंगाईगीत करून दाखवायचं का? लोक हसतील. चाचांनाही कमीपणा वाटेल.

"रणगीत आहे म्हणतोय," मी म्हणालो. "जुनं. चढाईच्या वेळचं."

जुमाला यातलं काही कळलं नाही. मी खरं तेच सांगतोय असं समजून तो मान हलवत होता. त्यानं चाचांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

चाचा त्याच्याकडं बघत राहिले. "रणगीत ऐकून पोरगं रडतंय व्हय?"

"त्याला देशाची आठवण आली."

"हौ," चाचा म्हणाले. "येणारच."

कार्यक्रम फार छान झाला. टाळ्या थांबेनात. चाचा खाकी कोटात मंचावर उभे राहिले, उभ्यानं गोमा वाजवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो उभ्यानं वाजवलेला मी पाहिला नव्हता. ठेका दुप्पट केला होता, आवाज चढा. अध्यक्ष माझ्याकडं झुकून म्हणाले, अंगावर रोमांच आले. मी मान डोलावली. मागच्या रांगेत सुमनच्या मांडीवर आमची मुलगी घाबरून किंचाळली, तेव्हा ती तिला घेऊन बाहेर गेली.

टांग्यातून परत येताना गोमा चाचांच्या आणि माझ्या मधे होता.

"मास्टरसाब, एक बोलू? आजोबानं नाय शिकवलं मला ते. मायनं." चाचा रस्त्याकडं बघत बोलत होते. "ती देवडीवर कामाला जायची, नवाबाच्या वाड्यात. उजाडायच्या आत. जाताना पाठीवर हात मारत मारत हे म्हणायची. मला परत डोळा लागायचा, मग जायची. रिसाल्यात मायचं गाणं म्हटलं असतं तर दोस्तांनी घोड्याच्या शेपटीला बांधलं असतं. म्हणून आजोबाचं म्हणालो. मग तेच तोंडात बसलं."

खड्ड्यात टांगा हिसकला, मी गोमाला धरून बसलो.

"पटकी आली तेव्हा ती देवडीतच गेली. त्या दिवशीबी म्हणून गेली व्हती. मला आपलं वाटायचं, ती रोज कायतरी सांगून जात व्हती अन् मला कळत नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी येवढासा व्हतो. मला रणगीत कशापायी म्हणत असंल?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. सरळ, सोपं वाक्य. टांगेवाल्यानं घोड्याला हाकललं, भडकल दरवाजा आला, चाचा सलाम करायला उतरले. परत चढताना त्यांनीच उत्तर शोधलं होतं.

"हबशी बाई. लेकरू लढाऊ व्हावं म्हणून म्हणत असंल. नाय का?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन त्यांच्याकडं लोणचं द्यायला गेली ती सवयीनं चवड्यांवर. चाचा म्हणाले, "मोठ्यानं बोल बेटी. गोमा जागा हाय." पलंग रिकामा होता. गोमा दाराशी कोपऱ्यात उभा होता, पहाऱ्यावर असल्यासारखा. गोधडी घडी घालून वर फळीवर. "शिपाई हाय तो. शिपाई दुपारी झोपत नाय."

त्यानंतर ते गाणं संध्याकाळी तसंच वाजायचं, चढं आणि घाईचं. आमची मुलगी कानांवर हात ठेवायची. तिला झोपवायला सुमननं दुसरं काहीतरी म्हणायला घेतलं. मी सुमनला खरं सांगितलं. तिनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "भिंतीपलीकडं तर आहेत. जा की." मी उद्या जातो म्हणालो. जुमा शिक्षण संपवून त्याच्या देशी गेला. शहागंजात टांगे कमी झाले, रिक्षा आल्या. रिक्षाला नाल लागत नाही, आणि तिला ‘हॉल्ट’ म्हणून उपयोग नसतो, अशी चाचा तक्रार करायचे. मी हसायचो. उद्या जातो, उद्या जातो करत भिंतीपलीकडं जायला मला वर्षं लागली.

गेलो ते सरकारी दवाखान्यात, चाचा तिथं भरती झाल्यावर. भेटायची वेळ दुपारची होती. चाचा खाटेवर पाय बाहेर काढून पडले होते, तेवढी लांब खाट तिथं नव्हती. डोळे मिटलेले. मी शेजारी बसलो. आज सांगायचंच असं ठरवून आलो होतो. पण आधी शब्द जुळेनात, म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि थोपटायला लागलो. जुमाचा हात जसा पडत होता तसा. हळू, थांबून, पुन्हा हळू. म्हटलं, हातानं सुरुवात करू, मग तोंडानं सांगता येईल.

चाचांनी डोळे उघडले. माझा हात पाहिला. चेहऱ्यावर काहीतरी आलं, ओळखीचं, फार जुनं. ओठ हलले. मला वाटलं त्यांना आपोआप कळलं, आता मला सांगावं लागणार नाही.

"जोरात, मास्टरसाब," ते म्हणाले. "रणगीत हाय."

मी जोरात मारायला लागलो.

त्याच आठवड्यात ते गेले. गोमा आमच्याकडं आला. सुमन होती तोवर दुपारी त्याच्यावर गोधडी घालायची, आता मी घालतो. मुलगी मोठी होऊन परगावी गेली. सुट्टीत येते तेव्हा गोमा असतो त्या खोलीत तिला अजून लवकर झोप लागते, असं म्हणते.

आणि मी खुलताबादला जातो. महिन्याच्या महिन्याला जमत नाही, गुडघे दुखतात. पडेगाव गेलं की टोपी सरळ करतो. मकबऱ्यात उभा राहून साहेबांना गावची खबर देतो, कारण ती द्यायला आता दुसरं कुणी नाही. पाणी किती दिवसांआड येतं ते सांगतो. दरवाज्यावर पिंपळ पुन्हा उगवलाय, माझा हात पोचत नाही, तेही सांगतो. मग थांबतो. इथं चाचांचं नाव घेऊन एक गोष्ट सांगायची असते. त्यांच्या आईनं रोज पहाटे काय सांगितलं होतं, ते. मला ते कळलं होतं आणि मी त्यांना दिलं नाही, ते. दर वेळी घरून ठरवून निघतो. पहिला शब्दही ठरवलेला असतो: चाचा.

घुमटात पारवे घुमत असतात. तोंड उघडतो.

"बाकी सगळं ठीक आहे, साहेब," मी म्हणतो, आणि एक पाऊल मागं येतो.